मास्तरांची छाती

मास्तरांच्या घराण्यातले पुरुष एकावन्नाव्या वर्षी मरतात, हे मास्तरांना पाढ्यासारखं पाठ होतं. आजोबा एकावन्न, थोरले काका एकावन्न, आणि वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, तेही एकावन्न. अण्णा तर दुकानातच गेले. कोटाची बाही कापता कापता त्यांनी टेबलावर डोकं टेकलं, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला बराच वेळ वाटलं की मास्तर कापडाचा पोत जवळून बघताहेत. हृदय मोठं झालं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आठवड्याभरानं त्यानं कात्री उचलली, राहिलेली बाही कापली, लोक त्यालाही मास्तर म्हणू लागले, आणि तेव्हापासून हा मनुष्य जीव मुठीत धरून शिवत आला.

गोष्ट सुरू होते तेव्हा मास्तर पन्नास वर्षं आणि नऊ महिन्यांचे होते. महिने मोजायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण आपल्या मरणाचं साल ठरलंय असं एकदा मनानं घेतलं की माणूस फार टापटिपीनं जगू लागतो, आणि घरच्यांना त्याचा फार ताप होतो. मास्तर टूथपेस्टची लहान ट्यूब आणत. दोऱ्याची रिळं छोटी घेत. बुटांना नवे तळवे लावून घेत, नवे बूट नाही. शिलाई मशीन विकणाऱ्यानं एकदा दहा वर्षांची हमी आहे असं सांगितलं, तेव्हा त्यांनी इतक्या करुण नजरेनं त्याच्याकडे पाहिलं की तो बिचारा घाईघाईनं इस्त्र्या दाखवू लागला. मास्तरांची बायको प्राथमिक शाळेत शिकवते, तिला सगळे बाई म्हणतात. सव्वीस वर्षांच्या संसारात बाईंनी समजावणं, रागावणं, अबोला धरणं हे सगळं करून पाहिलं होतं, आणि शेवटी टूथपेस्टची मोठी ट्यूब त्या स्वतःच आणू लागल्या होत्या.

मास्तरांच्या दुकानाला लागून त्यांच्या थोरल्या बहिणीचं धुलाईचं दुकान आहे, आणि दोघांची घरंही दुकानांच्या मागंच, शेजारी शेजारी. मधल्या भिंतीत दार आहे आणि ते सदा उघडं, कारण बोलताना मधे भिंत आलेली ताईला खपत नाही. ताई छप्पन्न वर्षांची. दोन्ही बगलांत ओल्या चादरींची बोचकी घेऊन ती माळ्यावर चढे, तिथं दोऱ्यांवर चादरी वाळत टाकता टाकता खालच्या गिऱ्हाइकाशी भांडे, आणि उतरल्यावर धाप लागली की पोटावर थाप मारून म्हणे, ही चरबी बोलतेय. घराण्यातल्या दुखण्याबद्दल तिचं मत पक्कं होतं. ते पुरुषांचं, बायकांना मरायला सवड कुठं असते. भावाला ती अजून बारक्या म्हणते. कुणी मास्तरांच्या भित्रेपणावर बोललं की ती आधी त्यांची बाजू घेई, आमच्या बारक्याला छाती आहे बरं का, चांगली एकोणचाळीस इंच आहे, आणि मग स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसे.

ही छातीच पुढच्या सगळ्या भानगडीला कारण झाली.

दुकानात गिऱ्हाइकांच्या मापांची एक जाड वही होती. तिच्या शेवटच्या पानावर मास्तर दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःची छाती मोजून लिहीत. त्यांचं शास्त्र सरळ होतं. अण्णांचं हृदय मोठं झालं होतं, आणि हृदय मोठं झालं तर छाती वाढणारच. अस्तर जाड लावलं की कोट बाहेरून फुगतो, हे कुठल्याही शिंप्याला कळतं. बाई म्हणत, एकदा डॉक्टरांकडे जाऊन सोनोग्राफी करून या आणि मोकळे व्हा. मास्तर म्हणत, हात दाखवून अवलक्षण कशाला, माझ्याकडे टेप आहे. टेप अण्णांच्याच वेळची होती, मेणकापडाची, पिवळी पडलेली. बारा वर्षं ती बिनबोभाट एकोणचाळीस सांगत आली, आणि एका एक तारखेला तिनं साडेचाळीस सांगितलं.

मास्तरांची पाचावर धारण बसली. त्यांनी श्वास सोडून मोजलं, शर्ट काढून मोजलं, आरशासमोर उभं राहून मोजलं. साडेचाळीस. त्यांनी ते वहीत लिहिलं, खाली रेघ ओढली, आणि कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते दुकान आवरायला लागले. बटणांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, जुने नमुने गठ्ठ्यांत बांधले, मशीनचं तेल कुठं असतं ते बायकोला दोनदा दाखवलं. बाईंना वाटलं, उशिरा का होईना या माणसाला सुबुद्धी सुचली. त्या मनापासून खूश झाल्या, आणि मास्तरांना त्यांची फार दया आली.

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं, आणि गिऱ्हाइकं वाळायला लागली. पहिला बेकरीवाला. त्याचं माप मास्तरांनी स्वतः घेतलं होतं, टेबलाच्या कडेला ठोकलेल्या लोखंडी पट्टीवर मोजून कापड स्वतः बेतलं होतं, आणि आता कोट त्याच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. वहीतला आकडा बरोबर, कापलेलं कापड बरोबर, तेव्हा कमी झाला असेल तर माणूसच. मास्तरांनी त्याला पडद्यामागं नेऊन हलक्या आवाजात विचारलं, भूक लागते का, रात्री घाम येतो का. त्यानंतर गाडी चालवायला शिकवणारा एक जण आला, त्याची पँट घसरत होती. मग गाणं शिकवणाऱ्या एक बाई आल्या. महिन्याभरात मास्तरांनी सात धडधाकट माणसांना डॉक्टरांकडे धाडलं. बेकरीवाल्यानं रक्त, लघवी, क्ष-किरण सगळं करून घेतलं, आणि सगळं चांगलं निघाल्यावर तर तो जास्तच घाबरला, की इतकं दडून बसलंय ते आहे तरी काय.

याच सुमारास चिमणीचा कागद आला.

चिमणी म्हणजे मास्तरांची एकुलती एक मुलगी. हे नाव ती ओंजळीत मावत होती तेव्हा पडलं. आता ती बापापेक्षा चार बोटं उंच होती आणि अग्निशमन दलात निवडली गेली होती. धावण्यात पहिली, दोर चढण्यात दुसरी, आणि पाठीवर पोतं घेऊन चार मजले चढण्यात तर तिनं परीक्षकालाच मागं टाकलं होतं. चिमणी आग विझवायला निघाली, हा विनोद ताईनं गल्लीतल्या प्रत्येकाला वेगळा वेगळा बोलावून सांगितला. रुजू होण्याआधी एक फॉर्म भरायचा होता. त्यात घरातल्या आजारांचं विचारलं होतं, आणि चिमणीनं खरं ते लिहिलं: आजोबा, चुलत आजोबा, पणजोबा, सगळे एकावन्न, सगळे हृदयानं. दलाच्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि तिच्या हातात कागद दिला. वडिलांच्या हृदयाची सोनोग्राफी करून तीन आठवड्यांत रिपोर्ट आणावा. असा आजार आईवडिलांकडून मुलांकडे येतो. वडिलांना तो असेल, तर मुलीची पुरी तपासणी झाल्याखेरीज तिला कामावर घेता येणार नाही.

तिनं तो कागद जेवताना वडिलांपुढे ठेवला. मास्तरांनी हो हो म्हणून तो खिशात घातला. पहिला आठवडा शाळेच्या गणवेशांच्या घाईत गेला. दुसऱ्या आठवड्यात मशीनचा पट्टा तुटला. चिमणी रोज आठवण करी, मास्तर रोज हो म्हणत, आणि बाई शाळेतल्या मुलाचा खोटा निबंध वाचावा तशा नजरेनं नवऱ्याकडे बघत.

मास्तरांना निकाल माहीतच होता. तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला होता. आपण मरणार याची त्यांना इतक्या वर्षांत सवय झाली होती, पण तो कागद एकदा भरला की पोरीची नोकरी जाणार, आणि नोकरीपेक्षाही वाईट म्हणजे तिच्या आयुष्यावरही एकावन्नाचा शिक्का बसणार. आपण तिला नाक दिलं, उंची दिली, सरळ शिवण घालायचा हात दिला, आणि त्याच्याबरोबर हेही दिलं. या विचारानं मास्तरांना भर दुपारी हुंदका येई आणि ते मशीन जोरात चालवत, म्हणजे पलीकडे ताईला ऐकू जाऊ नये.

फॉर्मात उंचीचाही रकाना होता. निदान एवढं तरी आपल्याला करता येईल म्हणून मास्तरांनी लेकीला भिंतीला टेकून उभं केलं, खडूची खूण केली, टेप लावली आणि पाच फूट साडेनऊ असं सांगितलं. चिमणी म्हणाली, दलात तर ती पाच फूट सात भरली होती. दोन आठवड्यांत अडीच इंच वाढायला ती काय दुधी भोपळा होती. तिनं वडिलांच्या हातातून टेप घेतली आणि टेबलाच्या लोखंडी पट्टीवर ताणून धरली. साठ इंचांची टेप साडेसत्तावन्नाला संपली.

मधल्या दारातून ताईचं डोकं आत आलं. टेबलावरची टेप पाहून ते हळूच परत जायला लागलं होतं, पण चिमणीनं आत्याला हाक मारली.

मग सगळं बाहेर आलं. दोन महिन्यांपूर्वी मास्तरांचा कोट धुवायला गेला होता आणि टेप खिशात राहिली होती. ताईनं कोट हातानं धुतला, पण खिशातली चिंधी समजून ती टेप चादरींबरोबर उकळत्या पाण्यात टाकली. चूक लक्षात आली तेव्हा टेप गांडुळासारखी आक्रसली होती. अण्णांची वस्तू, बारक्या रडेल, म्हणून तिनं तिला इस्त्री केली, गुंडाळली आणि परत खिशात ठेवली. एवढीशी तर आटली होती, असं ती वर म्हणाली.

बाईंना आधी हसू आवरेना. मग चिमणी हसली, ताई तर माळ्याच्या शिडीला धरून हसली, आणि शेवटी मास्तरही हसले, कारण त्यांच्या जिवात जीव आला होता. छाती वाढलीच नव्हती. बेकरीवाला खंगला नव्हता. ही बातमी ताईनं तासाभरात बेकरीत पोचवली. बेकरीवाला आठवडाभर मास्तरांशी बोलला नाही, पण कोट मात्र आत घ्यायला दुसऱ्याच दिवशी घेऊन आला.

सगळे हसत असताना मास्तरांनी वहीतला साडेचाळीसचा आकडा खोडला आणि जाहीर केलं की आता तपासणीचा प्रश्नच उरला नाही. एकोणचाळीस म्हणजे एकोणचाळीस. तेव्हा चिमणी हसायची थांबली.

"बाबा, टेप खोटी निघाली म्हणून आतलं सगळं खरं होत नाही."

मास्तर खडूनं टेबलावर रेघा मारू लागले.

"तुम्हाला जाणून घ्यायचं नसेल तर रिपोर्ट वाचू नका. मी वाचीन. पण मला कळायला हवंय. मी धुरात जिना चढणार, कुणाला तरी पाठीवर घेऊन उतरणार. मधेच माझं हृदय थांबलं तर पाठीवरचा माणूसही जाईल."

तीस वर्षं मास्तर रोज मरणाचा विचार करत आले होते, पण त्या विचारात पाठीवर दुसरं कुणी असेल हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. ते म्हणाले, गुरुवारी जातो, पण ताई बरोबर हवी. बाईंना याचं वाईट वाटलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही. बाईंसमोर धीर धरावा लागला असता. ताईनं त्यांना लहानपणी चड्डीत रडताना पाहिलेलं होतं, तिच्यासमोर तो प्रश्न नव्हता.

गुरुवारी मास्तर तपासणीच्या खोलीत डाव्या कुशीवर पडले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मास्तरांच्या छातीवर गार चिकट काहीतरी लावलं आणि त्यावरून यंत्राचं बोंडुक फिरवू लागल्या. बाजूच्या पडद्यावर मास्तरांचं हृदय उघडत-मिटत होतं. तिकडं बघायची मास्तरांची छाती झाली नाही. ते डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाकडे बघत राहिले. त्याचा डावा खांदा अर्धा इंच उतरला होता आणि बाही उलटी ओढत होती. आपण मेल्यावर हा कोट कोण दुरुस्त करणार, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली ताई मात्र पडद्याकडे टक लावून बघत होती आणि मधून मधून विचारत होती, हे काय, ते काय.

"हृदयाची भिंत दहा मिलिमीटर. अकरापर्यंत चालते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अगदी छान आहे तुमचं."

मास्तरांना वाटलं, कुणा दुसऱ्याविषयी चाललंय. त्यांनी विचारलं, म्हणजे अजून सुरुवात झालेली नाही का. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की या घराण्यात हृदयाचा स्नायू जाड होत असावा, पण पन्नाशी उलटल्यावरही त्याची काही खूण दिसत नाही, तेव्हा तो मास्तरांकडे आलेला नाही असंच दिसतं. मुलीच्या फॉर्मासाठी तसं लिहून देते. मास्तर तसेच चिकट छातीनं उठून बसले आणि ढसाढसा रडले. ताईनं त्यांच्या डोक्यात एक टपली मारली आणि स्वतःच्या पदरानं त्यांची छाती पुसून दिली.

लिहिता लिहिता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्ही सख्ख्या बहीण ना, तुमचंही बघून घेऊ. ताई म्हणाली, छे, आमच्यात ते पुरुषांचं असतं. असं काही नसतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरातली कुणी बाई अचानक गेली आहे का. ताईनं मान हलवली, आणि हलवता हलवता ती थांबली. अण्णांची बहीण, म्हणजे यांची आत्या, गेली होती. चव्वेचाळीसची होती, मोरीत पाय घसरून पडली. पडताना पाहिलं कुणीच नव्हतं, पाय घसरला हे नंतर सगळ्यांनी ठरवलं. डॉक्टरीणबाईंनी पलंगावर नवा कागद पसरला.

या वेळी मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. बोंडुक एका जागी थांबलं, पुढं गेलं, परत त्याच जागी आलं. माणसाच्या चेहऱ्यावरची वाईट बातमी ओळखण्यात मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि आकडा यायच्या आधीच त्यांना तो कळला.

सोळा. डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं. आजार हाच आहे, पण छप्पन्न वर्षं तो यांच्याबरोबर गुपचूप राहिला आहे. गोळी घ्यायची, ओझी उचलायची नाहीत, ठोक्यांची नोंद करायला दोन दिवस एक छोटं यंत्र लावायचं, वर्षातून एकदा यायचं. याच्यासकट पुष्कळ माणसं म्हातारी होतात. मुलंबाळं असतील तर त्यांनाही दाखवा, असं त्या म्हणाल्या, आणि ताई म्हणाली, मला चादरीच. मग तिनं पडद्याकडे बोट केलं. तिचा आवाज एवढा बारीक मास्तरांनी कधी ऐकला नव्हता.

"पण भिंत जाड म्हणजे नक्की झालंय तरी काय?"

डॉक्टरीणबाई शब्द शोधत होत्या, तेवढ्यात मास्तर बोलले.

"ताई, शिवणीत माया जास्त सुटलीय. बाहेरून बेत ठीक आहे, आत जागा जरा कमी पडते. बाकी काही नाही."

ताई शिंप्याची लेक. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या कापडाला माया म्हणतात, हे तिला शिकवावं लागत नव्हतं.

"माया जास्त," ती म्हणाली. "मग हे आईकडून आलं असणार. अण्णांकडं कुठली एवढी."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि मास्तरही हसले. पण घरी येताना ताईची पिशवी मास्तरांनी हातात घेतली आणि ती कितीही ओढली तरी सोडली नाही. त्यांना आनंद झाला होता आणि त्या आनंदाचीच लाज वाटत होती. ज्या आजाराची तीस वर्षं दारात वाट पाहिली, तो त्यांना ओलांडून शेजारच्या दारानं आत गेला होता, आणि ज्या घरात गेला तिथं त्याला कुणी बोलावलंही नव्हतं.

चिमणीचा फॉर्म मंजूर झाला. दलाच्या डॉक्टरांनी मनाच्या समाधानासाठी तिचंही हृदय एकदा तपासलं, ते तिच्यासारखंच ठणठणीत निघालं. पहिल्या सुट्टीला ती घरी आली ती दोर आणि कप्पी घेऊनच. तिनं आत्याच्या माळ्याला कप्पी बसवली, आणि तेव्हापासून चादरींची बोचकी दोरीनं वर जाऊ लागली. ताई खाली खुर्चीत बसून दोर ओढणाऱ्या गिऱ्हाइकावर हुकूम सोडू लागली. हो, गिऱ्हाइकच ओढी. माझ्या काळजात माया जास्त आहे, मोजून सोळा मिलिमीटर, असं तिनं सांगितलं की दोर ओढायला कुणी नाही म्हणत नसे. बेकरीवाला तर रोज येई.

मास्तर अर्ध्या अर्ध्या तासानं मधल्या दारातून डोकावत. गोळी घेतली का, चक्कर नाही ना, पाय सुजलेत का बघू. तिसऱ्या दिवशी ताई वैतागली. भ्यायचं काम तूच कर बाबा, तिनं सांगितलं, तुला सराव आहे, मला दुकान चालवायचंय. बाईंनाही हे पटलं. बाईंची अशी समजूत होती की रिपोर्ट हातात आल्यावर नवऱ्याची भीती जाईल. ती गेली नव्हती. तीस वर्षं राहिलेला भाडेकरू एका कागदानं घर सोडत नाही. सकाळी सकाळी ती मास्तरांकडे येतच होती, फक्त आता आल्यावर तिला करायला काही काम नव्हतं.

असे तीन आठवडे गेले. एका दुपारी, जेवणाच्या वेळी, गल्ली सामसूम असताना ताई मास्तरांच्या दुकानात आली. आली ती न बोलता आली. मास्तर काज करत होते. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर ती बसली, टेबलावरचं एक बटण उचलून तिनं उलटंपालटं केलं.

"बारक्या, सकाळी जाग आली की छातीत काहीतरी धपकन पडतं. मग आठवतं, काय ते."

मास्तरांनी सुई खाली ठेवली. आधी पडतं, मग आठवतं, हे बरोबर आहे, असं ते म्हणाले. त्यांनी विचारलं, मग काय करतेस. ताई म्हणाली, मग पडल्या पडल्या ठोके मोजते. किती वेळा, मास्तरांनी विचारलं. सात-आठ वेळा, ताई म्हणाली.

"तिथं चुकतंय तुझं. दोनदाच मोजायचे. तिसऱ्यांदा मोजले की ते वाढतातच. त्यात हृदयाचा दोष नाही, मोजण्याचा आहे. आणि झोपून नाही मोजायचे, झोपून ते कानात ऐकू येतात. उठून बसायचं, पाय जमिनीला टेकायचे. फरशी गार असली तर उत्तम."

हे सगळं मास्तरांनी एखाद्याला कॉलर कशी बसवायची ते सांगावं इतक्या सहज सांगितलं. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसाची थट्टा करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि त्याला एवढं येतं हे तिला आज कळत होतं.

"अण्णा गेल्यापासून रोज असं होतंय तुला?"

"रोज. रविवारी जरा उशिरा."

ताईला हसू आलं आणि त्या हसण्यातच तिचे डोळे भरले.

"आणि मी तुला हसत होते रे."

"हसत होतीस ते बरं होतं. सकाळी भिंतीपलीकडून तुझं हसणं ऐकू आलं की मी उठायचो."

ताईनं बटण जागेवर ठेवलं. मास्तरांनी विचारलं, किती वाजता पडतं ते. पाचला, ती म्हणाली.

"पहिला अर्धा तासच वाईट असतो. तो एकट्यानं काढायचा नाही. उद्यापासून पाचला इकडे ये, मी चहा ठेवतो."

"तुला काही झालेलं नाही आता," ताई म्हणाली. "तू कशाला उठतोस पाचला?"

मास्तरांनी सुई उचलली आणि दोरा ओवला.

"मी जागाच असतो," ते म्हणाले.